सी शार्पच्या जनकाने ‘गो’ का निवडली? मोठ्या सॉफ्टवेअरची भाषा ठरवण्याचे खरे निकष कोणते?

टाइपस्क्रिप्ट या भाषेचा कंपायलर नव्या भाषेत आणत असल्याची घोषणा मायक्रोसॉफ्टने ११ मार्च २०२५ रोजी केली आणि जगभरातल्या प्रोग्रामरांमध्ये वाद सुरू झाला. नवा कंपायलर सुमारे दहापट वेगवान असेल, याचे कौतुक झाले. वाद होता तो वेगळ्याच मुद्द्यावर. कंपायलरसाठी निवडलेली भाषा होती गुगलमध्ये जन्मलेली ‘गो’. आणि ही निवड करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते अँडर्स हाइल्सबर्ग, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच सी शार्प भाषेचे जनक. घरची भाषा हाताशी होती, सध्या सर्वत्र चर्चेत असलेली ‘रस्ट’ही होती. तरी त्यांनी शेजारच्या घरातली भाषा घेतली. मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी भाषा कशी निवडावी, याचा अलीकडचा उत्तम धडा या निर्णयात आहे.

नेमके कारण काय होते?

टाइपस्क्रिप्टचा जुना कंपायलर टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता आणि तो जावास्क्रिप्टच्या इंजिनावर चालत असे. प्रकल्प वाढत गेले तसा तो अपुरा पडू लागला. व्हीएस कोड या लोकप्रिय संपादकाच्या सुमारे १५ लाख ओळी तपासायला त्याला ७७.८ सेकंद लागत. गोमधल्या आवृत्तीने तेच काम ७.५ सेकंदांत केले. यातला निम्मा फायदा थेट यंत्रभाषेत चालण्याचा आणि निम्मा एकाच वेळी अनेक कामे समांतर करण्याचा, असे हाइल्सबर्ग यांनी सांगितले.

हे दोन्ही फायदे रस्टनेही दिले असते. फरक पडला तो जुन्या कोडच्या स्वभावाने. जुना कंपायलर साध्या फंक्शन आणि डेटाच्या रचनांवर उभा होता. त्यातले घटक एकमेकांकडे वर्तुळाकार बोट दाखवतात आणि मेमरी आपोआप साफ होईल, असे तो गृहीत धरतो. रस्टच्या कडक नियमांत हे बसवायचे तर सगळा आराखडा नव्याने करावा लागला असता. सी शार्पचा कल क्लास आणि ऑब्जेक्टकडे. म्हणजे तिथेही मोडतोड आली. गोमध्ये मात्र जुनी फाइल समोर ठेवून तशीच नवी लिहिता येत होती. लाखो लोक ज्या बारीकसारीक वर्तनावर विसंबून आहेत, ते जसेच्या तसे टिकवणे ही या प्रकल्पाची पहिली गरज होती. भाषा त्या गरजेने ठरवली. स्वतःच्या भाषेचा अभिमान बाजूला राहिला.

‘मोठा’ प्रकल्प कशाला म्हणायचे?

ओळींची संख्या हे मोठेपणाचे एक माप झाले. त्याहून महत्त्वाची मापे दोन : किती माणसे हात लावणार आणि किती वर्षे. एकट्याने आठवड्यात लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही भाषेत चालून जातो. दोनशे जण पंधरा वर्षे ज्यात भर घालणार, त्याचे गणित वेगळे. सुरुवातीला लिहिणारे बहुतेक जण तीन-चार वर्षांत दुसरीकडे गेलेले असतात. त्यानंतर येणारा अभियंता लिहितो थोडे, वाचतो जास्त. दुसऱ्याने घाईत लिहिलेले, कागदपत्रे नसलेले, कोणी का लिहिले हे आता कोणालाच ठाऊक नसलेले कोड वाचून त्यात धक्का न लावता बदल करणे, हे त्याचे रोजचे काम.

भाषा निवडताना या माणसाचा विचार सर्वांत कमी होतो, कारण निवडीच्या बैठकीत तो नसतोच. निर्णय घेणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. मोठ्या प्रकल्पांच्या अनेक दुखण्यांचे मूळ तिच्यात सापडते.

वेगाला किती महत्त्व द्यायचे?

भाषांच्या चर्चेत पहिला मुद्दा वेगाचा येतो. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या सेवांचा वेळ डेटाबेस आणि नेटवर्कची वाट पाहण्यात जातो. पायथन ही संथ भाषा मानली जाते; तरी इन्स्टाग्रामची सेवा पायथनवर वाढली. २०१२ मध्ये फेसबुकने एक अब्ज डॉलरला ती विकत घेतली, तेव्हा इन्स्टाग्राममध्ये अवघे १३ कर्मचारी होते. इतक्या थोड्या माणसांना झपाट्याने बदल करता येणे, हा त्या घडीला यंत्राच्या वेगापेक्षा मोठा लाभ होता.

याच्या उलट उदाहरणही आहे. डिस्कॉर्ड या संवाद सेवेत कोणी कोणते संदेश वाचले याची नोंद ठेवणारी एक यंत्रणा गोमध्ये होती. गोची मेमरी साफ करणारी प्रक्रिया साधारण दर दोन मिनिटांनी जागी व्हायची आणि तेवढ्यापुरता प्रतिसाद अडखळायचा. २०२० मध्ये कंपनीने ही यंत्रणा रस्टमध्ये आणल्याचे जाहीर केले आणि अडखळणे थांबले. बदल केवळ त्या एका यंत्रणेपुरता होता, हे विशेष. ज्या गोने टाइपस्क्रिप्टचे काम सोपे केले, तीच इथे अडचण ठरली. आधी दुखणे मोजले, नेमकी जागा शोधली आणि तेवढाच भाग बदलला. वेगाचा निकष असा लावायचा असतो.

व्हॉट्सॲपचे उदाहरण तिसऱ्या प्रकारचे. २०१४ मध्ये फेसबुकने ही सेवा विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिचे ४५ कोटी वापरकर्ते होते आणि अभियंते होते ३२. सेवेचा कणा अर्लांग भाषेचा. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात ही भाषा टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार झाली. लाखो जोडण्या एकाच वेळी सांभाळायच्या आणि एक तुटली तरी बाकीच्या चालू ठेवायच्या, हेच तिचे मूळ काम. प्रश्न आणि भाषा यांचा असा मेळ बसला, की माहीत असलेली माणसे कमी असूनही ती भाषा परवडते.

‘टाइप’ची सक्ती हवी की नको?

सेतू केंद्राच्या खिडकीवर अर्ज दिला आणि पिनकोडच्या चौकटीत चुकून मोबाइल क्रमांक लिहिलेला असेल, तर कर्मचारी तिथल्या तिथे परत देतो. राग येतो, पण काम पाच मिनिटांत दुरुस्त होते. खिडकीवर कोणी पाहिलेच नाही, तर तोच अर्ज दोन महिन्यांनी ‘त्रुटी’ असा शेरा घेऊन परत येतो. जावा, गो, रस्ट, सी शार्प या भाषा पहिल्या प्रकारच्या : कोणत्या चौकटीत कोणत्या प्रकारची माहिती बसेल, हे त्या आधीच तपासतात. पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, रुबी या मूळच्या दुसऱ्या प्रकारच्या : अर्ज लगेच घेतात, चूक चालताना कळते.

लहान प्रकल्पात दुसरी पद्धत सुटसुटीत वाटते. मोठे झाल्यावर काय होते, हे इतिहास सांगतो. पीएचपीवर उभ्या राहिलेल्या फेसबुकने २०१४ मध्ये तिला टाइपची जोड देणारी ‘हॅक’ ही भाषा आणली. जावास्क्रिप्टचे मोठे प्रकल्प आवरेनात, म्हणून २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आली. पायथनमध्ये २०१५ पासून टाइपच्या खुणा लिहिण्याची सोय झाली. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम हे ड्रॉपबॉक्समध्ये काम करत होते. त्या कंपनीने २०१९ मध्ये पायथनच्या ४० लाख ओळी टाइपच्या तपासणीखाली आणल्याचे सांगितले. हे काम काही वर्षे चालले. तिन्ही लोकप्रिय ‘मोकळ्या’ भाषांना मोठेपणी शिस्तीचे कुंपण घालावे लागले. प्रकल्प मोठा होणार हे आधीच माहीत असेल, तर ते कुंपण पहिल्या दिवशी घालणे स्वस्त पडते.

सुरक्षेचा मुद्दा वेगळा का?

सी आणि सी प्लस प्लस या भाषा वेगवान आहेत, पण मेमरीच्या हद्दीचा दगड त्या तपासत नाहीत. प्रोग्रामने स्वतःच्या शेताबाहेर नांगर घातला, तरी भाषा अडवत नाही. घर सोडून गेलेल्या भाडेकरूने जुन्या किल्लीने पुन्हा दार उघडले, तरीही नाही. हल्लेखोर नेमक्या याच वाटेने आत शिरतात. आपल्या उत्पादनांत सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीशी संबंधित असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते. क्रोम ब्राउझरमधल्या गंभीर त्रुटींबाबतही साधारण हेच प्रमाण पुढे आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने अहवाल काढून मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषांकडे वळण्याचे आवाहन केले.

यावरचा उपाय अँड्रॉइडने दाखवला. सगळा जुना कोड फेकून नव्याने लिहिण्याच्या फंदात गुगल पडली नाही. नवा कोड शक्य तितका रस्ट, कोटलिन, जावा या सुरक्षित भाषांत लिहायचा, एवढे धोरण ठेवले. अँड्रॉइडमधल्या मेमरीच्या त्रुटींचे प्रमाण २०१९ मध्ये एकूण त्रुटींच्या ७६ टक्के होते. २०२४ मध्ये ते २४ टक्क्यांवर आले. जुन्या कोडमधल्या चुका वर्षानुवर्षांच्या वापरात सापडत जातात आणि दुरुस्त होतात; धोका ताज्या कोडमध्ये जास्त असतो. म्हणून नव्या कोडची भाषा बदलल्याने एवढा परिणाम झाला. कोट्यवधी फोनवर चालणाऱ्या किंवा पैशांचे व्यवहार करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी हा निकष ऐच्छिक राहिलेला नाही.

भाषेचा मालक कोण, याने काय फरक पडतो?

भाषा निवडणे म्हणजे तिच्या कर्त्यांशी वीस वर्षांचा करार करणे. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आली. जुन्या पायथन २ साठी लिहिलेला बराच कोड तिच्यावर चालत नव्हता. जुन्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. मधली अकरा वर्षे असंख्य कंपन्या स्थलांतरात गुंतल्या होत्या. त्यातून वापरकर्त्याला नवे काही मिळाले नाही. याउलट मार्च २०१२ मध्ये गोची पहिली स्थिर आवृत्ती आली, ती जुना कोड पुढेही चालेल या वचनासह.

जावाचेही पाहण्यासारखे आहे. जुना कोड चालू ठेवण्याबाबत ती भरवशाची. पण जानेवारी २०२३ मध्ये ओरॅकलने तिच्या व्यावसायिक परवान्याचे शुल्क ग्राहक कंपनीतल्या एकूण कर्मचारीसंख्येशी जोडले, तेव्हा अनेकांनी मुक्त आवृत्त्यांचा रस्ता शोधला. असा रस्ता उपलब्ध होता, म्हणून निभावले. ज्या भाषेचा कंपायलर एकाच कंपनीच्या हातात आहे, तिथे हा रस्ताही नसतो.

माणसे मिळतील का?

एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत अमेरिकेतल्या न्यू जर्सीत बेरोजगार भत्त्यासाठी अर्जांचा पूर आला, तेव्हा गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्यांना मदतीला येण्याचे जाहीर आवाहन केले. कोबोलची आखणी १९५९ ची. दोष खरोखर भाषेत होता की भोवतीच्या यंत्रणेत, यावर नंतर वाद झाला. पण गरज पडली तेव्हा माणसे शोधावी लागली, हे खरेच. भारताला याची दुसरी बाजू ठाऊक आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘वायटूके’च्या दुरुस्तीने भारतीय आयटी कंपन्यांना मोठे काम दिले, ते याच जुन्या कोडच्या जोरावर.

उलट टोकाचा प्रयोग अमेरिकी संरक्षण खात्याने केला. १९७० च्या दशकात त्यांच्याकडे साडेचारशेहून अधिक भाषा आणि बोली वापरात होत्या. हा पसारा आवरण्यासाठी ‘एडा’ ही भाषा तयार करवून घेतली आणि पुढे तिची सक्ती केली. १९९७ मध्ये ती सक्ती मागे घ्यावी लागली. भाषा चांगली होती. पण बाहेरच्या बाजाराने ती उचलली नाही आणि माणसे, साधने व ग्रंथालये दुसऱ्या भाषांभोवती वाढत गेली. फक्त हुकमाने भाषा रुजत नाही.

याचा अर्थ सर्वांत लोकप्रिय भाषाच घ्यावी, असा नाही. चांगल्या अभियंत्याला नवी भाषा काही आठवड्यांत वाचता येते. पण तो ती शिकायला तयार होईल का, ती शिकून त्याच्या पुढच्या नोकरीला उपयोग होईल का, हे प्रश्न रास्त आहेत.

सगळे नव्याने लिहिण्याचा मोह

भाषा चुकली असे वाटले, की सगळे पाडून पुन्हा बांधण्याची कल्पना येते. नेटस्केपने ते केले. तिच्या ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ ची. पुढची मोठी आवृत्ती, सहावी, आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. पाचवी बाजारात आलीच नाही. तोवर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने मैदान मारले होते. कॉमनवेल्थ बँक ऑफ ऑस्ट्रेलियाने आपली मुख्य बँकिंग यंत्रणा बदलून दाखवली, पण त्यासाठी सुमारे पाच वर्षे आणि एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्च लागला. एवढी ऐपत थोड्यांची असते. डिस्कॉर्ड आणि अँड्रॉइडने धरलेला तुकड्यातुकड्याने बदलाचा रस्ता बाकीच्यांना परवडणारा आहे.

मग चांगली भाषा निवडली की काम फत्ते?

तसेही नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याचे दिशादर्शक सॉफ्टवेअर याच एडा भाषेत होते, जिची ख्याती कडक तपासणीसाठी. एक मोठी संख्या छोट्या चौकटीत मावली नाही, एवढीच चूक. हा भाग एरियन ४ मधून उचललेला होता. तिथे ही संख्या इतकी वाढणे शक्य नाही, असे मानून या ठिकाणचे संरक्षण मुद्दाम ठेवले नव्हते. नव्या रॉकेटचा वेग वेगळा होता. भाषेने दिलेली ढाल माणसांनी खाली ठेवली आणि जुने गृहीतक कोणी तपासले नाही. चाचणी, कागदपत्रे आणि एकमेकांचे काम तपासण्याची सवय यांची जागा कोणतीही भाषा घेऊ शकत नाही.

एआय कोड लिहू लागले, आता भाषेला अर्थ उरला का?

उलट वाढला, असे मानायला जागा आहे. यंत्र काही सेकंदांत शेकडो ओळी लिहून देते. त्या बरोबर आहेत का, हे पाहण्याचे काम माणसाकडे राहते. लिहिणे स्वस्त झाले, की वाचणे आणि तपासणे महाग ठरते. त्यामुळे चूक खिडकीवरच अडवणाऱ्या भाषांचे मोल वाढते. ऑगस्ट २०२५ मध्ये गिटहबवर योगदान देणाऱ्यांच्या संख्येत टाइपस्क्रिप्टने पायथनला मागे टाकले, ही घडामोड त्या दृष्टीने बोलकी आहे.

निवड कशी करावी?

पाच प्रश्न पुरेसे आहेत. चूक झाली तर काय जाईल : थोडा वेळ, पैसा की जीव? आधीचा कोड कोणता आहे आणि नव्याला त्याच्याशी किती जुळवून घ्यावे लागेल? जी ग्रंथालये लागतील, ती त्या भाषेत वर्षानुवर्षे वापरून घासूनपुसून तयार आहेत का? दहा वर्षांनी ही भाषा कोण सांभाळत असेल? आणि नवा माणूस किती दिवसांत पहिला बदल निर्धास्तपणे करू शकेल? या प्रश्नांनंतरही दोन भाषा बरोबरीत उरल्या, तर पथकाला आधीपासून येणारी घ्यावी. नावीन्याची हौस भागवायची असेल, तर ती कडेच्या एखाद्या छोट्या सेवेवर भागवावी; कण्यावर नको.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतल्या कार्यालयांत रोज चालणाऱ्या कामाचा मोठा भाग दुसऱ्याने, दुसऱ्या देशात, कधीतरी घेतलेल्या निर्णयांची देखभाल करण्याचा असतो. भाषा निवडणाऱ्यांच्या बैठकीत या अभियंत्यांचे मत विचारले जावे, हा आग्रह त्यांनी आणि त्यांच्या कंपन्यांनी धरायला हवा. निकाल, दाखले, कर, प्रवेश अशा सेवांसाठी निविदा काढणाऱ्या सरकारी यंत्रणांनीही ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान’ या मोघम शब्दाऐवजी कोडची मालकी, चाचण्या, कागदपत्रे आणि कंत्राट संपल्यावर ते दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय यांच्या अटी लिहाव्यात. ठेकेदार बदलला की नव्याने सगळे लिहायचे आणि तोवर नागरिकांनी बंद संकेतस्थळासमोर बसायचे, हा खर्च अखेर करदात्याच्याच खिशातून जातो.

‘कोणती भाषा शिकू?’ हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. त्यांनी एक टाइपची शिस्त असलेली आणि एक मोकळी, अशा दोन भाषा नीट शिकाव्यात आणि त्याबरोबर दुसऱ्याने लिहिलेला मोठा कोड वाचण्याची सवय लावून घ्यावी. भाषा बदलत राहतील. दुसऱ्याचा कोड वाचण्याची वेळ मात्र प्रत्येकावर येणार आहे.